फेल्डनक्राइसचे ऑडिओ पाठ : आवळलेला जबडा आणि काळजी

फेल्डनक्राइस पद्धतीचे पाठ म्हणजे निवेदकाच्या सूचना ऐकत, सतरंजीवर पडून करायच्या अगदी सावकाश हालचाली. आधी शिफारस सांगते. ज्यांचा जबडा, मान, खांदे कायम आवळलेले असतात, जे निवांत बसल्यावरही पोट आत ओढून बसतात, त्यांनी हे पाठ जरूर करावेत. ताकद वाढवायला किंवा वजन उतरवायला त्यांचा काडीचाही उपयोग नाही. मी गेल्या पावसाळ्यात सुरुवात केली, आता उन्हाळा लागलाय. दिवाळीत आणि मार्चअखेरीच्या धबडग्यात खंड पडला, पण पाठ सुटले नाहीत.

मी पुण्यात एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात आहे आणि आई साताऱ्याला एकटी राहते. तिच्याकडे दिवसभर थांबणाऱ्या मावशींचा फोन अवेळी आला की माझ्या छातीत धस्स होतं. डेंटिस्टनी एकदा आरशात माझ्याच दाढा दाखवल्या, त्यांचे माथे घासून सपाट झाले होते. झोपेत दात आवळता, म्हणाले, आणि नाइट गार्ड, म्हणजे रात्री दातांवर चढवायचं कव्हर, करून दिला. तो मी अजूनही लावते. पण गार्ड दात वाचवतो, आवळणं काही थांबवत नाही. सकाळी उठल्यावर कानापुढचा स्नायू ठणकायचा तो ठणकायचाच. ओठ मिटलेले असताना वरचे-खालचे दात एकमेकांना टेकलेले नसावेत, मध्ये दोन-तीन मिलिमीटरची फट असावी, हेही मला त्याच खुर्चीत कळलं. तुमचे दात आत्ता टेकलेत का, बघा.

पाठ ज्यांचे आहेत ते मोशे फेल्डनक्राइस १९०४ साली आजच्या युक्रेनमधल्या स्लावुता गावी जन्मले आणि १९८४ साली तेल अवीवमध्ये वारले. पॅरिसमध्ये ते इंजिनिअर झाले, फ्रेंच शास्त्रज्ञ फ्रेदेरिक जोलिओ-क्युरींच्या प्रयोगशाळेत त्यांनी काम केलं. पॅरिसमध्येच १९३३ साली ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांची भेट झाली आणि ते ज्युदोकडे वळले. फुटबॉल खेळताना गुडघा दुखावला होता. तो पुढे पुन्हा त्रास द्यायला लागला तेव्हा स्वतःच्या हालचाली बारकाईने तपासता तपासता त्यांनी ही पद्धत घडवली. मला हे महत्त्वाचं वाटतं, कारण पाठांची मांडणी खरोखर इंजिनिअरची आहे. मंत्र नाही, ऊर्जा नाही, चक्रं नाहीत. कुठला भाग कशावर टेकलाय आणि भार कुठून कुठे जातोय, एवढीच बोली.

एक पाठ नीट सांगते, म्हणजे कल्पना येईल. सतरंजीवर उताणं झोपायचं, गुडघे वर, तळपाय जमिनीला. कमरेखाली घड्याळाची तबकडी आहे असं धरायचं. बारा कमरेकडे, सहा माकडहाडाकडे. आता माकडहाड हलकंच टेकवत सहावर यायचं की कंबर उचलली जाते. बारावर गेलं की कंबर सपाट होते. असं सावकाश मागे-पुढे. मग तीन आणि नऊ, म्हणजे उजवं-डावं. मग एकेक तास पार करत पूर्ण फेरा. ऐकायला पोरखेळ वाटतो, पण करायला घेतलं की लक्षात येतं की चार ते सहा हा तुकडा नाहीच. तिथे ओटीपोट, म्हणजे कमरेखालचा सगळा भाग, घरंगळत नाही, एकदम धपकन उडी मारतं. आणि नेमकं तिथेच श्वास अडकलेला असतो, दात टेकलेले असतात, पायाची बोटं जमिनीला रुतलेली असतात. ओटीपोट हलवायला दातांची काय गरज? काहीच नाही. पण माझं शरीर कुठल्याही कामाला आधी जबडा लावतं, हे मला त्या चार आणि सहाच्या मध्ये दिसलं.

पाठात सतत एकच सूचना येते: अजून कमी करा, अजून हळू करा. सुरुवातीला याचा वैताग येतो. त्यामागचं कारण मात्र पक्कं आहे. संवेदना बदलल्याचं कळायला फरक किती लागतो, ते मुळात जोर किती लागलाय यावर अवलंबून असतं, हे एर्न्स्ट वेबर आणि गुस्टाव फेशनर या जर्मन शास्त्रज्ञांनी एकोणिसाव्या शतकात मांडलं. पाच किलोच्या भाजीच्या पिशवीत एक लिंबू वाढलं तर हाताला पत्ता लागत नाही, रिकाम्या पिशवीत लगेच लागतो. फेल्डनक्राइस याच नियमावर विसंबतात. खांदा पूर्ण ताकदीने उचलून बघितलात तर त्यातला फाजील ताण कळणारच नाही. केसभर उचललात तर कळेल.

आता भावनांचं. आपण दचकतो तेव्हा काय होतं याचं चित्रण कार्नी लँडिस आणि विल्यम हंट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी वेगवान कॅमेऱ्याने केलं होतं, ते १९३९ साली छापून आलं. पिस्तुलाचा बार ऐकला की डोळे मिटतात, डोकं पुढे येतं, खांदे वर जातात, कोपर दुमडतात, पोट आकसतं, गुडघे किंचित वाकतात. सगळं अर्ध्या सेकंदाच्या आत. फेल्डनक्राइस यांनी १९४९च्या आपल्या पुस्तकात चिंतेचं मूळ याच जातीच्या प्रतिक्रियेत शोधलं. पडण्याची भीती वाटली की शरीर पुढून आकसतं आणि श्वास धरतं. ज्याला हे वारंवार करावं लागतं त्याचं शरीर त्याच बेतात उभं राहायला शिकतं. मग भीती वाटायला पिस्तूल लागत नाही, फोन पुरतो.

माझ्या बाबतीत हे अगदी जवळून बघायला मिळालं. एका संध्याकाळी मान आणि डोळ्यांचा पाठ चालू होता. डोकं उजवीकडे वळवताना डोळे डावीकडे न्यायचे, मग उलट. फोन शेजारीच होता आणि तो थरथरला. नाव वाचण्याआधी, मनात आईचा विचारही येण्याआधी, बेंबीच्या वरचा भाग कडक झाला, उजवा खांदा कानाकडे सरकला आणि खालचा जबडा वर येऊन बसला. याच क्रमाने. काळजी त्यानंतर आली. फोन गॅस सिलिंडरवाल्याचा होता. खांदा खाली आला, पोट मात्र बराच वेळ तसंच राहिलं. हा क्रम एकदा दिसल्यावर तो दिवसभर दिसायला लागला: थकीत कर्जदार समोर बसला की, साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं की, घरी लेकीने आवाज चढवला की. दिसला की दर वेळी तो थांबवता येतो असं नाही. पण पोट सोडता आलं तर बोलण्याचा सूर बदलतो, आणि समोरच्या माणसाचाही बदलतो. हा फायदा मला जबड्यापेक्षा मोठा वाटतो.

इथे एका गोष्टीवर स्पष्ट बोलायला हवं. या विषयावर शिकवणारे बरेच जण सांगतात की भावना स्नायूंत साठून राहतात, नितंबांत जुनं दुःख अडकलेलं असतं, ते ‘मोकळं’ केलं की रडू येऊन माणूस हलका होतो. असाच दावा करणारा एक ऑनलाइन कोर्स मीही घेतला होता. सारखं रडायला लावायचे, आणि जिला रडू येणार नाही ती ‘अडवून धरतेय’ असं ठरवायचे. मला ही मांडणी पटत नाही, आणि ती अपाय करू शकते असं वाटतं. स्नायू हे कपाट नव्हे. तो आवळलेला राहतो कारण त्याला मज्जातंतूंकडून आवळण्याचा संदेश आत्ता, या क्षणीही, येत असतो. शिकागोच्या एडमंड जेकबसन या डॉक्टरांनी ताणलेल्या स्नायूंतली ही विद्युत हालचाल मायक्रोव्होल्टमध्ये मोजून दाखवली, आणि स्नायू खरोखर सैल पडला की ती जवळपास नाहीशी होते हेही. म्हणजे माझा जबडा दहा वर्षांपूर्वीचं काही सांभाळून बसलेला नाही, तो आत्ता काम करतोय. चालू असलेलं काम थांबवता येतं, त्यासाठी भूतकाळ उकरावा लागत नाही. मला यात फार मोठा दिलासा आहे.

पुण्यात राहून योगासनांशी तुलना टाळता येत नाही. माझी आसनं चालू आहेत, सोडलेली नाहीत. आसनात एक आकार गाठायचा असतो आणि शिक्षक तो दुरुस्त करतात. त्यातून मला ताकद आणि तोल मिळाला. इथे गाठायला काहीच नाही, दुरुस्त करायलाही कुणी नाही, त्यामुळे माझ्यासारखीचा ‘बरोबर करण्याचा’ हट्ट गळून पडतो. शवासनात मला कुठे ताण आहे हे कळायचंच नाही, कारण तो कायमचाच होता. एका बाजूने पाठ करून मग दोन्ही बाजू ताडून बघितल्या, तेव्हा कुठे कळलं. डावा खांदा जमिनीला टेकलेला, उजवा अधांतरी.

जे जमलं नाही तेही सांगते. रात्रीचं दात आवळणं कमी झालं, बंद झालं नाही; दगदगीच्या आठवड्यात परत येतं. मामा गेले तेव्हा पाठांनी काही केलं नाही, आणि करावं अशी अपेक्षाही नव्हती. पाठ इंग्रजीत आहेत, मराठीत मला मिळाले नाहीत. सूचना समजेपर्यंत निवेदक पुढे गेलेला असतो, म्हणून पहिल्यांदा बसून ऐकावं आणि मग करावं. बरेच पाठ पाऊण तासाचे असतात, निम्म्यात झोप लागते. पुरावाही फार भक्कम नाही. ऑस्ट्रेलिया सरकारने २०१५ साली नैसर्गिक उपचारपद्धतींचा आढावा घेतला, त्यात फेल्डनक्राइससाठी ठोस पुरावा सापडला नाही. एप्रिल २०१९पासून तिकडच्या आरोग्य विम्यातल्या सरकारी सवलतीतून ही पद्धत वगळली. त्याच यादीत योग आणि ताय ची हा चिनी व्यायाम हेही होते. त्यामुळे हा इलाज आहे असं मी कुणाला सांगणार नाही.

खर्च जवळपास नाही. मोफत पाठ भरपूर आहेत, लागते ती सतरंजी आणि डोक्याखाली घडी घातलेला टॉवेल. गादीवर करू नका, गादी सगळं झाकते. कण्याचं दुखणं, ठिसूळ हाडं किंवा नुकतंच ऑपरेशन झालेलं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. पॅनिक अटॅक येत असतील तर डोळे उघडे ठेवून, आधी दहा मिनिटांचेच पाठ घ्या आणि चालू उपचार सोडू नका. सुरुवात घड्याळाच्या पाठाने करा, जबड्याचा नंतर. तो थेट पहिल्याच दिवशी घेतला तर जबडा आणखी आवळतो.