पहिली नोकरी: चेन फार्मसी की गल्लीतलं मेडिकल?

डी.फार्म.चं, म्हणजे फार्मसीच्या डिप्लोमाचं, ५०० तासांचं ट्रेनिंग बऱ्याच जणांचं फाइल भरण्यातच संपतं. त्यामुळे फार्मसी कौन्सिलचं रजिस्ट्रेशन हातात आलं, तरी खरं शिकणं पहिल्या नोकरीत सुरू होतं. मी दोन्हीकडे काउंटरला उभा राहिलोय. आधी चेनमध्ये, मग एका छोट्या मेडिकलमध्ये.

चेनमध्ये शिस्त लागते, हे मान्य. इन्सुलिनच्या फ्रीजचं तापमान रोज लिहायचं, २ ते ८ अंशांच्या बाहेर गेलं की लगेच कळवायचं. जवळच्या एक्स्पायरीचा माल वेळेत बाजूला काढायचा. बिलाशिवाय स्ट्रिप हलत नाही. पगार तारखेला, पीएफही कापला जातो. पण सगळं लक्षात ठेवतं ते सॉफ्टवेअर. स्क्रीनवर रॅक नंबर दिसला की हात तिकडे जातो. गोळी कशाची हे न कळताही दिवस निघतो. वर टार्गेट असतंच: बीपीच्या गोळ्या न्यायला आलेल्याला प्रोटीन पावडर खपवा.

गल्लीतल्या दुकानात माणूस शिकवतो. संधिवाताच्या एक आजी चिठ्ठी घेऊन आल्या होत्या, त्यात मेथोट्रेक्सेट. मी सवयीने म्हणालो, "रोज एक, जेवणानंतर." मागून मालकांनी माझ्या हातातली स्ट्रिपच काढून घेतली. "ही आठवड्यातून एकदाच. रोज घेतली तर जिवावर बेतेल." पाकिटावर मार्करने मोठ्ठं 'फक्त रविवारी' लिहिलं आणि आजींकडून दोनदा वदवून घेतलं. मला ओरडले नाहीत. ती गोळी मी अजून विसरलेलो नाही.

तोटेही आहेत. बारा-बारा तास उभं राहायचं, पगार कमी, सुट्टी मागताना जीभ अडखळते.

घरी पैशांची ओढ असेल तर सरळ चेन धरा. नाहीतर पहिलं वर्ष छोट्या दुकानात काढा, पण मालक स्वतः फार्मासिस्ट असेल आणि काउंटरला बसत असेल तरच. कित्येक ठिकाणी सर्टिफिकेट तेवढं भिंतीवर, माणूस गायब. तुमचंही तसंच टांगून ठेवायचा मालकाचा विचार असू शकतो. म्हणून संध्याकाळी गर्दीच्या वेळी जा, नुसतं बघत उभे राहा. मग एच१ चं, म्हणजे ठरावीक अँटिबायोटिक्स, टीबीची आणि सवय लागणारी औषधं विकल्याचं, रजिस्टर दाखवा म्हणा. २०१४ पासून ते सक्तीचं आहे; पेशंट, डॉक्टर, औषध, नग, सगळं लिहून तीन वर्षं जपावं लागतं. महिनाभराच्या नोंदी एकाच पेनाने, एका बैठकीत उरकलेल्या दिसल्या, तर चहा पिऊन घरी परत या.