काही झालं तर एम्बसी आहे ना?

रत्नागिरीत माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. सातबारा, पॅन, शिष्यवृत्ती हा रोजचा धंदा. पण आमच्याकडे बऱ्याच घरांतलं कुणीतरी आखातात नाहीतर बोटीवर असतं, त्यामुळे अधूनमधून ‘मदद’ पोर्टलवर तक्रार टाकायलाही लोक येतात. परराष्ट्र मंत्रालयाने हे पोर्टल २०१५ मध्ये सुरू केलं. त्यातला ‘तक्रारीचा तपशील’ हा रकाना लोक माझ्यासमोर बसून तोंडी सांगतात आणि मी टाइप करतो. कुणाचा पगार थकलेला, कुणाचा पासपोर्ट कफीलकडे (म्हणजे तिथल्या मालकाकडे), कुणाचा भाऊ आत.

गेल्या महिन्यात एक मावशी दोन कागद घेऊन आल्या. मुलगा नववी नापास, एसी डक्टिंगचं काम येतं. पहिला कागद सौदीतल्या कंपनीचा करार, मुंबईच्या रजिस्टर्ड एजंटामार्फत. दुसरा कागद नव्हेच, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो: दुबईचा व्हिजिट व्हिसा, ‘तिथे पोचलास की वर्क व्हिसा करून देतो’, आणि पगार दीडपट. मावशींचा कल फोटोकडे. मी कुरकुर केली तर म्हणाल्या, “अरे, काही झालं तर एम्बसी आहे ना? युक्रेनमधून विमानं भरून पोरं आणली, मग माझ्या एकट्याला आणायला काय जड आहे?”

प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर त्या दिवशी मी अर्धवट दिलं, पूर्ण इथे देतोय.

कायदा थोडक्यात

१९६३ चा व्हिएन्ना करार सांगतो की आपल्या नागरिकांना मदत करणं हे कॉन्सुलेटचं काम आहे. किती मदत, ते मात्र ज्या त्या देशाने ठरवायचं. त्यामुळे एकाच इमारतीवरून पडलेल्या चार देशांच्या चार मजुरांना चार वेगळ्या तऱ्हेची मदत मिळते. तुलना करताना मी प्रत्येक ठिकाणी एकच विचारतो: बिल कोणाच्या नावावर फाटतं? बाकी सगळी सहानुभूती त्यानंतर.

माणूस गेला तर

ही वेळ माझ्या काउंटरवर दोनदा आली आहे. मृत्यूचा दाखला, पोलिसांचा कागद, घरच्यांचं संमतीपत्र, रद्द केलेला पासपोर्ट, दूतावासाची एनओसी, एम्बामिंगचा दाखला, मग विमानाचं कार्गो. यातला एक कागद अडला की मृतदेह तिथल्या शवागारात पडून राहतो, आणि इकडे घरात चूल पेटवायची की नाही हे कुणाला कळत नाही. अमिरातीतून येणाऱ्या मृतदेहाचं भाडं एअर इंडिया २०१९ पर्यंत वजनावर घ्यायची. माणसाला काट्यावर घालायचं. ओरड झाली तेव्हा एकच ठरावीक दर झाला.

ब्रिटनचा दूतावास अशा वेळी काय करतो? घरच्यांना कळवतो, तिथल्या अंत्यविधी करणाऱ्यांची यादी देतो, कागद समजावून सांगतो. खर्चाला एक पौंड देत नाही, आणि हे त्यांच्या माहितीपुस्तिकेत आधीच स्वच्छ लिहिलेलं असतं. कोरडं वाटतं, पण फसवणूक नाही.

फिलिपिन्सचं उलटं. त्यांच्या १९९५ च्या कायद्यानुसार कामगाराला, आणि तो मेला तर त्याच्या मृतदेहाला, घरी आणण्याची पहिली जबाबदारी ज्या एजन्सीने त्याला पाठवलं तिची. २०१० च्या दुरुस्तीनंतर एजन्सीला कामगाराचा विमाही स्वतःच्या खर्चाने काढावा लागतो: अपघाती मृत्यूला किमान १५,००० डॉलर, नैसर्गिक मृत्यूला किमान १०,०००. कामगाराकडून त्याचा एक पेसो घ्यायचा नाही.

आपल्याकडे करारानुसार मालकाने खर्च करायचा. त्याने हात वर केले तर दूतावासाकडे ‘इंडियन कम्युनिटी वेल्फेअर फंड’ असतो. २००९ मध्ये सुरू झालेला हा निधी पासपोर्ट-व्हिसाच्या कामांवर जी छोटी जादा फी घेतात तिच्यातून जमतो. म्हणजे दुबईत पासपोर्ट नवा करणारा भारतीय दुसऱ्या भारतीयाच्या शवपेटीला हातभार लावतो. कल्पना मला मनापासून आवडते. अडचण एवढीच की हा निधी अगदी गरजूंसाठी, ऐपत पाहून दिला जातो. ऐपत कोण बघणार? काउंटरपलीकडचा अधिकारी. तो भला असला तर काम तीन दिवसांत होतं.

विम्यात आपण आणखी मागे आहोत. ईसीआर पासपोर्टवर (काही देशांत कामाला जाण्याआधी सरकारी क्लिअरन्स लागणाऱ्या) जाणाऱ्यांना प्रवासी भारतीय बीमा योजना सक्तीची आहे. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये, तीन वर्षांचा ३७५. कव्हर दहा लाखांचं, पण अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी. उन्हात काम करून झोपेत हार्ट अटॅक आला तर त्या दहा लाखांत तो बसत नाही. माझ्याकडे आलेल्या दोन्ही केसेस हार्ट अटॅकच्याच होत्या.

तुरुंग

व्हिएन्ना कराराचं ३६ वं कलम इथे कामाचं आहे. अटक झालेल्या परदेशी माणसाला ‘तुझ्या दूतावासाला कळवू का’ असं विचारणं बंधनकारक आहे, आणि त्याने हो म्हटलं तर विनाविलंब कळवायचं. हे ‘हो’ म्हणायला शिकवून पोरं पाठवा. बरेच जण घरी कळेल या लाजेने नको म्हणतात.

पण कलम असून काय होतं आणि काय होत नाही, हे महाराष्ट्राला कुलभूषण जाधवांच्या खटल्यातून माहीत आहे. २०१६ मध्ये अटक, २०१७ मध्ये लष्करी न्यायालयाची फाशीची शिक्षा, आणि जुलै २०१९ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा निकाल: पाकिस्तानने ३६ वं कलम मोडलं, भारतीय अधिकाऱ्यांना भेटू द्या, शिक्षेचा फेरविचार करा. सुटकेचा आदेश नाही. दूतावासाचा अधिकार भेटण्याचा, वकील लावण्याचा. कुलूप त्याच्या हातात नसतं.

कतारमधल्या आठ माजी नौसैनिकांची फाशी डिसेंबर २०२३ मध्ये रद्द झाली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ते सुटले, हेही खरं. ती वरच्या पातळीवरची मुत्सद्देगिरी होती. डक्टिंगवाल्या पोरासाठी ती होईल असं मी कुणाला सांगणार नाही. येमेनमध्ये फाशीच्या छायेत असलेल्या केरळच्या परिचारिकेच्या बाबतीत सरकारने जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितलंच, की सरकार एका मर्यादेपर्यंतच जाऊ शकतं. येमेनची राजधानी सनामध्ये आपला दूतावासच नाही.

पैशांचं काय? ब्रिटन वकिलांची यादी देतो, फी देत नाही. कायद्याने मदत मिळण्याचा हक्कही तिथे नव्हता. २०२४ च्या निवडणुकीत मजूर पक्षाने मानवी हक्क तुडवले जात असतील अशा प्रकरणांत तो देऊ, असं वचन दिलं. फिलिपिन्सकडे १९९५ पासून दहा कोटी पेसोंचा कायदेशीर मदत निधी आहे. त्याच वर्षी सिंगापूरमध्ये त्यांच्या एका घरकामगार बाईला फाशी झाली, देश पेटून उठला, आणि तो कायदा आला. आपल्या वेल्फेअर फंडातून किरकोळ गुन्ह्यांत अडकलेल्यांना किंवा मालकाने खोट्या केसमध्ये गोवलेल्यांना वकील मिळू शकतो. ‘शकतो’ हा शब्द नीट वाचा.

पासपोर्ट कफीलकडे, पगार बंद

सगळ्यात जास्त तक्रारी या जातीच्या. सौदीत मालकाने ‘हुरूब’ लावला, म्हणजे माणूस पळाला अशी नोंद केली, की बाहेर पडायची वाट बंद. दूतावास हुरूब काढू शकत नाही. तो लेबर ऑफिसशी बोलतो, मालकाला फोन करतो, आणि शेवटी पासपोर्टऐवजी इमर्जन्सी सर्टिफिकेट देतो. एकदा घरी येण्यापुरता तो कागद. थकलेला पगार बहुतेक वेळा तिथेच राहतो.

फिलिपिन्सच्या दूतावासाने याहून पुढचं करून पाहिलं. २०१८ मध्ये कुवेतमध्ये त्यांचे कर्मचारी गाडी घेऊन थेट मालकांच्या घरापर्यंत गेले आणि छळ होणाऱ्या बायकांना बसवून घेऊन आले. त्याचे व्हिडिओ फिरले. कुवेतने त्यांच्या राजदूताला हाकलून दिलं. पाहताना छाती फुगते, पण दुसऱ्याच्या देशात असं घरात शिरता येत नाही, आणि किंमत तिथे उरलेल्या हजारो बायकांना मोजावी लागली असती. गंमत अशी की पुढच्याच महिन्यात दोन्ही देशांनी करार केला: पासपोर्ट आणि फोन कामगाराजवळच राहतील. आधीचा आरडाओरडा नसता तर तो करार झाला असता का, यावर मी अजून स्वतःशीच भांडतो.

फिलिपिन्सची खरी ताकद त्या गाडीत नाही. तिथे पगार बुडाला तर मालक आणि पाठवणारी एजन्सी दोघं मिळून जबाबदार, म्हणजे मनिलात बसलेल्या एजंटाकडून वसूल करता येतो. दूतावासाने केलेल्या फोनपेक्षा हे कलम जास्त कामाचं.

युद्ध, आणि पोस्टरवरची मदत

इथे भारताला तोड नाही, हे मान्यच. १९९० मध्ये कुवेतवर इराकचा हल्ला झाला तेव्हा अम्मानमार्गे सुमारे १,७०,००० माणसं आणली. २०१५ मध्ये येमेनमधून आपल्या साडेचार हजारांहून जास्त लोकांबरोबर परदेशीही आणले. २०२२ मध्ये युक्रेनच्या वेळी चार केंद्रीय मंत्री शेजारच्या देशांत जाऊन बसले होते, आणि विद्यार्थ्यांकडून तिकिटाचा पैसा घेतला नाही.

अमेरिका अशा वेळी सहसा आधी वचनचिठ्ठीवर सही घेते: तिकिटाचे पैसे नंतर भरीन. जर्मनीत तर १९७४ च्या कायद्याने मदत करणं दूतावासाला बंधनकारक आहे, आणि खर्च परत करणं नागरिकाला. २००३ मध्ये कोलंबियात बंडखोरांच्या ताब्यातून सुटलेल्या एका जर्मन पर्यटक महिलेला हेलिकॉप्टरचं बारा हजार युरोंहून जास्त बिल गेलं, आणि २००९ मध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने ते योग्य ठरवलं. आपल्याला हे निर्दयी वाटतं. मला मात्र त्यात एक सरळपणा दिसतो. हक्क आहे, भीक नाही. म्हणून बिलही आहे.

आपलं फुकट-विकत हे मात्र प्रसंगावर ठरतं. २०२० मध्ये ‘वंदे भारत’च्या विमानांनी आखातातून नोकरी गेलेले कामगार परतले ते तिकीट काढून. अगदी नडलेल्या काहींना वेल्फेअर फंडातून तिकीट मिळालं, बाकीच्यांनी गावाकडून पैसे मागवले. दोन वर्षांनी डॉक्टर व्हायला गेलेली मुलं फुकट आली. मुलांबद्दल माझी तक्रार नाही, पण यादी उलटी झाली असं मला वाटतं. कॅमेरा असलेल्या ठिकाणी मदत करणं सोपं असतं; जेद्दाहच्या शवागारात कॅमेरा नसतो.

म्हणून दूतावासाने किती करावं, याचं माझं उत्तर असं. मृत्यू आणि तुरुंग यांत मदत हक्काची हवी, ऐपत किंवा चूक न बघता. युद्धातून सगळ्यांना आणावं, ऐपत असलेल्यांकडून नंतर घ्यावं. थकलेला पगार एजंटाने सरकारकडे ठेवलेल्या बँक गॅरंटीतून वसूल करून द्यावा. पर्यटकाचं हॉस्पिटलचं बिल, सावकारीची आणि नवराबायकोच्या मालमत्तेची भांडणं, यांत पडू नये. पर्यटकाने विमा काढावा. मात्र परदेशात नवऱ्याने टाकून दिलेल्या बाईला वकिलासाठी जी मदत सरकार देतं, ती चालू राहावी.

बोटीवरच्यांना हे पटकन समजतं. गोव्याकडचे तारवटी असोत की आमचे खलाशी, मालकाने जहाज वाऱ्यावर सोडलं तर घरी परतण्याचा खर्च आणि चार महिन्यांपर्यंतचा पगार देणारा विमा २०१७ पासून आंतरराष्ट्रीय नियमाने सक्तीचा आहे, आणि त्याचा दाखला जहाजावर लावलेला असतो. जमिनीवरच्या मजुराच्या खोलीत भिंतीवर असं काही नसतं.

मावशींचे दोन कागद

सौदीच्या करारात पगार कमी. पण सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर मालकाचं नाव, एजंटाचं नाव, पगार, सगळं नोंदलेलं. एजंटाला फी जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी घेता येते आणि त्याची बँक गॅरंटी सरकारकडे असते. विमा आहे, अपघातापुरता का होईना. मुंबईत बीकेसीच्या विदेश भवनात प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सचं, म्हणजे परदेशी कामाला जाणाऱ्यांसाठीचं सरकारी ऑफिस आहे, तिथे जाऊन बसता येतं. दूतावासाला फोन गेला तर समोर कुणाला पकडायचं हे त्यांना ठाऊक असतं.

दुबईच्या फोटोत पगार जास्त, पण तो कुठेच लिहिलेला नाही. दहावी पास नाही म्हणजे ईसीआर पासपोर्ट. अमिराती त्या अठरा देशांत येते जिथे कामाला जायला क्लिअरन्स लागतो, आणि व्हिजिट व्हिसा म्हणजे तो चुकवायची पळवाट. मुदत संपली की दिवसाला ५० दिरहम दंड. वेल्फेअर फंडातून दंड भरता येतो, पण सकृतदर्शनी कामगाराची चूक नसेल तेव्हा. टुरिस्ट म्हणून जाऊन डक्टिंग करणाऱ्याची चूक नाही, हे कोण मानणार? एम्बसी त्यालाही परत आणेल, इमर्जन्सी सर्टिफिकेटवर, कधीतरी, पगाराशिवाय.

हे सगळं ऐकून मावशी जरा वेळ गप्प बसल्या. मग सौदीच्या कराराच्या तीन झेरॉक्स काढायला सांगितल्या: एक मुलाच्या बॅगेत, एक घरातल्या ट्रंकेत, एक मुंबईच्या दिराकडे. एजंटाचा रजिस्ट्रेशन नंबर मी ई-मायग्रेटवर तपासून मागच्या बाजूला लिहून दिला. दुबईचा फोटो त्यांनी फोनमधून काढला नाही. “पोराला विचारते,” म्हणाल्या, आणि बारा रुपये ठेवून गेल्या.