१५० एएच ट्युब्युलर बॅटरी : दुसऱ्या उन्हाळ्यात एक सेल बसला

इन्व्हर्टरची ही उंच ट्युब्युलर बॅटरी घेतली त्याला दुसरा उन्हाळा लागला. पहिलं वर्ष तक्रारीला जागा नव्हती. दोन पंखे, दोन ट्यूबलाइट आणि वायफाय, एवढ्यावर लाईट गेली की पाच तास आरामात निघायचे. यंदा यवतमाळात पारा चाळिशीपार गेला आणि इन्व्हर्टर दीड तासात बीप-बीप करून बंद पडू लागला. चार्जिंग फुल, पाण्याचे सहाही फ्लोट हिरव्या खुणेवर, आणि घरात अंधार.

कंपनीचा माणूस आला. मीटर लावला, म्हणाला, "ताई, बारा चार आहे. बॅटरी ओके." झालं! वॉरंटी कार्डावर 'तपासली, दोष नाही' असा शेरा मारून निघाला.

मला राग आला तो इथे. बारा व्होल्टची बॅटरी म्हणजे एकामागे एक जोडलेले दोन-दोन व्होल्टचे सहा सेल. मीटर फक्त त्यांची बेरीज सांगतो. कोणता सेल झोपलाय हे सांगतो हायड्रोमीटर, म्हणजे ॲसिडची घनता मोजायची नळी. तो दीड-दोनशे रुपयांत मिळतो, मी आणला. रात्रभर चार्ज करून, काही तास तशीच ठेवून ॲसिडची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेतली घनता; चार्ज उतरला की तीही उतरते) मोजली : पाच सेल १.२४०च्या आसपास, धनाच्या टोकाकडून दुसरा १.१६०.

आता हिशेब बघा. ग्रॅव्हिटीत ०.८४ मिळवले की सेलचं व्होल्टेज साधारण कळतं. पाच सेल २.०८चे, एक २.००चा, बेरीज १२.४०. सहाही चांगले असते तर १२.४८. फरक फक्त ०.०८ व्होल्टचा! तेवढ्यावरून 'ओके' म्हणायचं? भार पडला की तोच सेल आधी कोसळतो, एकूण व्होल्टेज साडेदहाच्या खाली जातं आणि बाकी पाचांत चार्ज असूनही इन्व्हर्टर वीज तोडतो.

दुसऱ्या भेटीत उत्तर मिळालं, "उन्हामुळे ग्रॅव्हिटी कमी दाखवते." दाखवते, खरंय. प्रमाण मोजमाप २७ अंशांवर धरतात, आणि पुढे दर अंशाला सुमारे ०.०००७ घट. म्हणजे ४२ अंशांना ०.०१० कमी. पण ऊन सहाही सेलना सारखंच लागतं ना! मी त्याच्यासमोर सहाही आकडे कागदावर लिहिले, त्याची सही घेतली, फोटो तक्रारीला जोडला. मग मात्र बॅटरी बदलून मिळाली, एक रुपया न देता.

या भांडणात माझी दोन मतं बदलली. दुकानात आठ तासांचा बॅकअप सांगितला होता, म्हणून कंपनी आकडे फुगवते असं मी सगळ्यांना सांगत होते. पण स्टिकरवरचे १५० एएच (अँपिअर-तास) सी-२०चे, म्हणजे वीस तासांत बॅटरी रिकामी करण्याच्या हिशेबाचे आहेत : साडेसात अँपिअरने वीस तास. आमचा भार दोनशे वॅटच्या आसपास, इन्व्हर्टरमधला तोटा धरला तर बॅटरीतून वीस अँपिअर ओढले जातात. जितकं जोरात ओढाल तितकी एकूण क्षमता कमी मिळते. त्या भारावर पाच तास हा चांगला आकडा आहे. आठ तास हे दुकानदाराचं बोलणं, कंपनीचं नव्हे.

दुसरं पाण्याचं. उन्हाळ्यात डिस्टिल्ड वॉटरचा कॅन दर थोड्या महिन्यांनी आणावा लागतो म्हणून मी वैतागायचे. चार्जिंग चौदा व्होल्टच्या वर गेलं की पाण्याचे हायड्रोजन-ऑक्सिजन होऊन उडून जातात, आणि प्लेटांच्या जाळीतल्या अँटिमनीमुळे ते जास्तच होतं. तरी आता मला हीच बॅटरी हवी. हिचे बूच उघडतात, म्हणून सेल मोजता आला. बंद, बिनपाण्याच्या बॅटरीत मी काय दाखवणार होते?

नव्या बॅटरीचे सहाही आकडे पहिल्या चार्जनंतर वॉरंटी कार्डाच्या मागे लिहिलेत, तारखेसकट. घेणाऱ्यांनी बॅटरीच्या बिलातच हायड्रोमीटर धरावा. बूच उघडताना चष्मा आणि रबरी हातमोजे घाला, जवळ उदबत्तीसुद्धा नको. बॅटरीला चार तारे, सर्व्हिसला एकच.