कोलाडचं उसळतं पाणी की उजनीचं निवांत?
आमच्या कयाक (वल्ह्याची छोटी, निमुळती होडी) क्लबचं वार्षिक शिबिर कुठे, यावर आम्हा सोलापूरकरांचा वाद ठरलेला. माझं मत रायगडातल्या कोलाडला. तिथल्या कुंडलिका नदीला उन्हाळ्यातही पाणी असतं, कारण मुळशी धरणाचं पाणी भिरा वीजकेंद्रात वीज करून सकाळी नदीत सुटतं. त्यामुळे उजाडताच तंबूतून उठायचं, लाइफ जॅकेट, हेल्मेट आवळायचं आणि पाणी चढलं की कयाक लोटायची. लोळत पडणाऱ्याला नुसते दगड दिसतात! लाटा दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीच्या, म्हणजे सोप्या ते मध्यम. नवख्याला एकदा तरी उलटं करतातच. उलटी कयाक कमरेच्या झटक्यानं सरळ करणं कितीही वेळा समजावलं, तरी खरं तिथेच येतं. अडचण एकच, पुणे आणि ताम्हिणी घाट करत साडेतीनशेच्या आसपास किलोमीटर.

उजनीचं धरण आपल्या जिल्ह्यातलं, टेंभुर्णीजवळ. हिवाळ्यात रोहित पक्षी दिसतात, पोरांना पॅडल धरायला शिकवायला सपाट पाणी उत्तम. पण लाटांच्या शिबिराला तिथे लाटाच नाहीत, वारा सुटला तर तेवढ्या.

कडक भाकरी नि शेंगाचटणी दोन्हीकडे टिकते. सोलापुरी चादर मात्र कोलाडच्या दमट हवेत वाळता वाळत नाही.