येझदीला जुना 6 व्होल्ट डायनॅमो भरून घ्यावा का 12 व्होल्ट अल्टरनेटर किट?

रात्री मांजरसुंब्याचा घाट उतरताना माझ्या जुन्या येझदी मोटरसायकलची हेडलाइट अशी पिवळी पडायली की खड्डाच दिसंना. इंजिनवर फिरून वीज करणारा डायनॅमो 45 वॅटचा, त्यातले 35 हेडलाइटच खाते, मग प्लगला ठिणगी देणारी कॉइल, हॉर्न आन् बॅटरीला उरतंय काय? आर्मेचर (डायनॅमोचा आतला फिरणारा भाग) नव्या तारेनं भरून त्यावर घासणारे कार्बन ब्रश टाकले की स्वस्तात भागतं, गाडी ओरिजनल राहते, पण ब्रश परत झिजणारच. डायनॅमोच्या जागी बसणारं अल्टरनेटर किट महाग, बल्ब-हॉर्न-बॅटरी सगळं 12चं घ्यावं लागतं, तरी ब्रशची कटकट नाही आणि त्याच 35 वॅटला 6 ऐवजी 3च अँपियर लागतात, म्हणून जुन्या वायरिंगमधे उजेड मरत नाही. शोची गाडी असंल तर डायनॅमोच ठेवा. रोज चालवणाऱ्यानं किटच टाकावं, काढलेला डायनॅमो मात्र भंगारात देऊ नका.