पंख्याचं विमान की जेट?

कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावर एटीआर हे पंख्याचं विमान उतरलं की कुणीतरी म्हणतंच, “हे पंख्याचं म्हणजे जुनं मॉडेल!” जुनं काही नाही. त्या पंख्यामागंही जेटसारखंच टर्बाइन इंजिन असतं. फरक आहे तो हवा मागं कशी लोटली जाते यात.

एटीआर ७२ ची सहा-सहा पाती भरपूर हवा थोड्या जादा वेगानं मागं ढकलतात. जेट त्या मानानं कमी हवा जोरात फेकतं. दोघांनाही पुढं रेटा मिळतो तो न्यूटनच्या तिसऱ्या नियमानंच. पण हवेला द्यायची ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते, म्हणून ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास पंखाच इंधन वाचवतो. वेग आणखी वाढवला की पात्यांची टोकं ध्वनीच्या वेगाला भिडतात आणि पंख्याचा दम संपतो. एअरबसचं ए३२० विमान ताशी ८०० किलोमीटरच्या वर जातं ते जेटच्या जिवावर.

वर उचलायचं काम मात्र दोन्हींत पंखांचंच. पंख हवा खाली वळवतो, त्याच्या वर दाब कमी होतो. ‘वरच्या हवेला लांबचा रस्ता, म्हणून ती पळते आणि खालच्या हवेला गाठते’ हे शाळेतलं स्पष्टीकरण सोडा. वरची हवा खालचीच्या आधीच मागच्या कडेला पोचते.

कोल्हापूर-मुंबईला माझं मत पंख्यालाच. जेट पुरतं वर चढून स्थिरावेस्तोवर उतरायची वेळ येते. आवाज आणि हादरे जरा जास्त, एवढं सोसायचं. दिल्ली गाठायची असेल तर जेटच बरं.