आयईएलटीएसचे सराव-संच : काही महिन्यांच्या वापरानंतर

परदेशी विद्यापीठातील प्रवेशासाठी लागणाऱ्या आयईएलटीएस या इंग्रजीच्या चाचणीतील अ‍ॅकॅडमिक परीक्षेची तयारी मी शिकवणी न लावता अधिकृत सराव-संचांवर केली, आणि काही महिन्यांच्या वापरानंतर माझे मत असे झाले आहे की हे संच निम्म्या परीक्षेला अतिशय उपयोगी पडतात, उरलेल्या निम्मीला मात्र बेताचेच.

उपयोगी भाग श्रवण आणि वाचनाचा. दोन्हींत प्रत्येकी 40 प्रश्न असतात, चुकीच्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत आणि साधारण 30 उत्तरे बरोबर आली की 9 पैकी 7 बँडच्या (म्हणजे गुणश्रेणीच्या) आसपास पोहोचता येते. त्यामुळे आपण कोठे आहोत हे उत्तरतालिकेवरून घरीच कळते. श्रवणात ध्वनिमुद्रण एकदाच ऐकवतात, आणि दोनच शब्दांची मर्यादा असताना तीन लिहिले किंवा स्पेलिंग चुकले, तर नीट ऐकूनही गुण हुकतो. वाचनात दिलेले विधान बरोबर, चूक, की त्याविषयी उताऱ्यात माहितीच नाही, हे ठरवायचा प्रश्नप्रकार सर्वाधिक वेळ खातो. विधान खरे असल्याचे आपल्याला पक्के ठाऊक असले, तरी उताऱ्यात ते नसेल तर ‘माहिती नाही’ हेच उत्तर. पदरचे ज्ञान घालून उत्तर सजवण्याची शाळेपासूनची सवय येथे आडवी येते. (पुढे मला हाच प्रकार सर्वांत प्रामाणिक वाटू लागला.)

लेखनात 60 मिनिटांत किमान 150 आणि किमान 250 शब्दांची दोन उत्तरे लिहायची असतात, आणि दुसऱ्याचे वजन दुप्पट असते. नमुना उत्तरे संचात आहेत, गुणांकनाचे चार निकषही जाहीर आहेत. तरी आपल्याच वाक्यांतील दोष आपल्याला दिसत नाहीत. मी निबंध ओळखीच्या इंग्रजीच्या प्राध्यापिकांना दाखवू लागलो, तेव्हा मी पाठ केलेली भारदस्त वाक्ये त्यांनी आधी खोडली. संभाषण तर 11 ते 14 मिनिटे परीक्षकाशीच असते. मराठी वळणाच्या उच्चारांना तेथे दोष देत नाहीत, बोलणे सहज कळते की नाही हे पाहतात, आणि ते सांगायला समोर ऐकणारा माणूसच लागतो.

संगणकावर परीक्षा देणाऱ्यांनी केवळ छापील संचांवर विसंबू नये, कारण कागदी परीक्षेत श्रवणाची उत्तरे उत्तरपत्रिकेवर उतरवायला 10 मिनिटे मिळतात, तर संगणकावर ती तपासायला फक्त 2.